रेषा पुसताना मने जोडावी लागतात

(देवळाली कॅम्प येथे नागरिकांसमोर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



१९८२ मध्ये नाशिक, नाशिकरोड आणि देवळाली या नगरपालिका एकत्र येऊन नाशिक महानगरपालिका अस्तित्वात आली. देवळालीची लष्करी छावणी मात्र तिच्या बाहेर राहिली. नाशिकरोडहून लॅम रोडने कॅम्पात येताना रस्ता एकच असतो, पण वाटेत कारभारी बदलतो. पुढे स्वातंत्र्यवीर सावरकरांचे जन्मगाव भगूर. तेथील नगरपालिका स्वतंत्र. नोकरी, शाळा, बाजार यांसाठी माणसे रोज या सीमा ओलांडतात. नियोजन मात्र सीमेपाशी थबकते.

छावण्यांतील नागरी वस्ती लगतच्या स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपविण्याचे धोरण केंद्र शासनाने स्वीकारले. त्याचा आरंभ २०२३ मध्ये हिमाचलातील योल छावणीपासून झाला. त्याच वर्षी ३० एप्रिलला ठरलेल्या ५७ छावणी मंडळांच्या निवडणुका जाहीर होऊन रद्द झाल्या. व्यवस्था बदलत असताना नागरिकांचाच आवाज क्षीण व्हावा, हे लोकशाहीस शोभणारे नाही.

विलीनीकरण म्हणजे नकाशावरील रेघ पुसणे नव्हे. पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ मध्ये मुंबईतील व्याख्यानांतून एकात्म मानवदर्शन मांडले. समाज ही व्यक्तींची गोळाबेरीज नसून एक सजीव सत्ता आहे, हा त्याचा गाभा. नगरालाही तोच निकष लागू पडतो. वृद्धाला सावलीतून चालत दवाखान्यात जाता यावे, शाळकरी मुलीला निर्धास्तपणे सायकल चालवता यावी, सायंकाळी कामावरून परतणाऱ्याला बस मिळावी. नियोजनाची खरी परीक्षा येथेच होते. देशातील पहिली किसान रेल्वे ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळाली स्थानकातून बिहारमधील दानापूरकडे निघाली. दूरच्या प्रांताशी जोडले गेलेले हे स्थानक शेजारच्या वस्त्यांशीही तितकेच सुलभपणे जोडलेले हवे.

रस्ते जोडले तरी मने जुळतातच असे नाही. उंच भिंतींच्या वसाहती वाढल्या की शेजारधर्म आटतो. भगूरच्या या सुपुत्राने रत्नागिरीत सर्व हिंदूंसाठी खुल्या पतितपावन मंदिराची उभारणी घडवून आणली, ते वर्ष १९३१ होते. एकत्र येण्याची जागा समाजाला घडविते, हा त्यातील बोध नगररचनेने विसरू नये. मैदान, वाचनालय, उद्यान या चैनीच्या वस्तू नव्हेत.

म्हणून प्रत्येक वस्तीतील कार्यकर्त्यांनी आपल्या भागाची नोंद आजच करावी: पदपथ कोठे तुटला आहे, दिवा कोठे नाही, कोणते जुने झाड व कोणते मैदान राखायचे आहे. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने मोठ्या नगरांसाठी प्रभाग समित्यांची तरतूद केली आहे. उद्याचा कारभारी कोणीही असो, त्याच्यासमोर संघटित समाजाने तयार नोंद घेऊन उभे राहावे. जागृत नागरिक हाच नगराचा पहिला नियोजनकार होय.