पोरींचे विषय कोण निवडतं?

(सिंदेवाही येथे महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



आज मी दारूवर किंवा रेशनवर बोलणार नाही. कॉलेजात जाणाऱ्या आपल्या पोरींनी विषय कोणते घ्यावेत, यावर बोलणार आहे. हा बायकांच्या चळवळीचा प्रश्न आहे का, असं काहीजणींना वाटेल. म्हणून सुरुवात आपल्या तालुक्यापासूनच करते.

मे 2025 मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. ही घटना कोणत्या विषयात बसते? वाघ कुठे फिरतो, हे प्राणिशास्त्र सांगेल. धानाची रोवणी लागण्याआधी रोख पैसा देणारं दुसरं काम गावात का नाही, हे अर्थशास्त्र विचारेल. तेंदूपत्ता हे गौण वनोपज आहे आणि 2006 च्या कायद्याने त्यावर वनहक्कधारकांची मालकी मानली आहे, हे कायदा सांगेल. पहाटे जंगलात बाई का जाते, आणि माय गेल्यावर पोरीची शाळा का सुटते, हे समाजशास्त्राचं काम. प्रश्न एकच आहे. त्याच्या वाटण्या आपल्या अभ्यासक्रमांनी केल्या.

चळवळीला ही गोष्ट पूर्वीच कळली. 1974 साली भारतातील स्त्रियांच्या दर्जाविषयीच्या समितीचा अहवाल आला. स्वातंत्र्याला 27 वर्षं झाली तरी लोकसंख्येत बायकांचं प्रमाण घटतंय, हे त्यातून समोर आलं. त्याच वर्षी मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्री-अभ्यासाचं केंद्र सुरू झालं. इतिहास, अर्थशास्त्र, कायदा, आरोग्य या सगळ्यांना बाईच्या बाजूने प्रश्न विचारणारा हा अभ्यास.

शेजारच्या गडचिरोलीचंच पाहा. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या गटाने दोन गावांतल्या 650 बायकांची तपासणी केली. 1989 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते निष्कर्ष आले. शंभरातल्या 92 जणींना काही ना काही स्त्रीरोग होता, आणि त्यासाठी पूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8. हे काम नुसत्या डॉक्टरकीने झालं नाही. मोजणीचं शास्त्र लागलं, आणि बायका मोकळ्या होतील अशा भाषेत त्यांच्याशी बोलावं लागलं.

आता कॉलेजकडे येऊ. 2011 साली गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झालं आणि चंद्रपूर-गडचिरोलीची कॉलेजं नागपूरकडून त्याच्याकडे आली. 2024-25 पासून राज्यातल्या संलग्न कॉलेजांतही पदवीला नव्या शैक्षणिक धोरणाची रचना लागू झाली. त्यात एक मुख्य विषय, एक दुय्यम विषय, आणि आपल्या विद्याशाखेबाहेरचा एक मुक्त ऐच्छिक विषय असतो. म्हणजे विज्ञानाची पोरगी समाजशास्त्र शिकू शकते, कला शाखेची पर्यावरण किंवा हिशेब शिकू शकते. गावात जाऊन केलेल्या प्रकल्पालाही श्रेयांक आहेत. कॉलेजात नसलेले काही विषय ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन वर्गांतून घेता येतात.

कागदावर हे चांगलं आहे. प्रत्यक्षात मी काय पाहिलं ते सांगते. एका पोरीबरोबर मी एका कॉलेजात प्रवेशाला गेले होते. कला शाखा, पण तिला पर्यावरण शिकायचं होतं. खिडकीवर उत्तर मिळालं, “त्याला शिक्षक नाही. जो विषय आहे तोच सगळ्यांना.” तिच्या अर्जावर खूण आधीच झालेली होती. ती काही बोलली नाही, मीही त्या दिवशी गप्प बसले. त्याची मला आजही लाज वाटते. ऐच्छिक विषयाचा तास शेवटच्या बसनंतर ठेवला, तर गावाकडची पोरगी तो घेणार कशी? आणि ‘स्वयम्’साठी मोबाईल हवा. घरात एकच असेल तर तो बहुतेक भावाच्या खिशात असतो.

एक शंका आया नेहमी काढतात. असे चार विषय शिकून नोकरी लागेल का? शंका रास्त आहे. सगळं थोडं थोडं आणि धड काहीच नाही, असं होता कामा नये. मुख्य विषय पक्काच करायचा. पण दुसरा विषय आपल्या जगण्याला लागून असला, तर पहिल्याचा उपयोग कुठे करायचा हे कळतं.

मग आपण काय करायचं? प्रवेश सुरू होण्याआधी मंडळाच्या पाच-सहाजणींनी प्राचार्यांना भेटावं आणि खरोखर शिकवले जाणारे ऐच्छिक विषय कोणते, याची लेखी यादी मागावी. तासांच्या वेळा बसच्या वेळेशी जुळवा, असा अर्ज द्यावा. आणि प्रकल्पासाठी पोरींना आपल्याकडे बोलवावं. तेंदूच्या हंगामात किती बायका जंगलात जातात, मजुरी किती मिळते, वाघाने मारलेल्या बाईच्या घरी भरपाईचे कागद कुठे अडतात, याची नोंद त्यांनी करावी. तिची एक प्रत कॉलेजात जाईल, एक ग्रामसभेत राहील. जंगलाची वाट, झाडं, हंगाम यांची माहिती आपल्याजवळ आहे. ती द्यायला पदवी लागत नाही.

घरी गेल्यावर पोरीला मार्क किती पडले हे जरूर विचारा. पण त्याआधी विचारा, विषय कोणते घेतलेस, आणि ते निवडले कोणी?