पैसा कोणाचा, हुकूम कोणाचा?

(उलवे येथील बैठकीत केलेले भाषण)



उलव्याच्या बैठकीत इंग्लंडच्या राजाचे काय काम, असे तुम्ही म्हणाल. आम्ही शेतकी कॉलेजात भाताच्या जाती शिकलो, इतिहास चळवळीत आल्यावर शिकलो. आणि खाडीपलीकडची मुंबई इंग्रजांकडे गेली, ती याच गोष्टीच्या शेवटी.

तुम्ही खारेपाटातले लोक. समुद्राकडचा बांध फुटला की घरटी माणूस धावतो, वर्गणी देतो. पण बांध शाबूत असताना कोणी दरवर्षी वर्गणी मागू लागला, डोंगरावरच्या गावाकडूनही मागू लागला, तर हिशोब विचाराल की नाही? पहिल्या चार्ल्स राजाने नेमके हेच केले. लढाईच्या वेळी बंदरांनी जहाजांसाठी द्यायची जुनी पट्टी त्याने १६३४ साली लढाई नसताना लावली. पुढच्या वर्षी समुद्र न पाहिलेल्या परगण्यांनाही लावली. पार्लमेंट नाही म्हणेल, म्हणून १६२९ पासून अकरा वर्षे ती भरवलीच नाही.

जॉन हॅम्पडेन नावाच्या जमीनदाराने वीस शिलिंग भरायचे नाकारले. रक्कम त्याला जड नव्हती. विचारल्याशिवाय देणार नाही, एवढाच त्याचा मुद्दा. बारा न्यायाधीशांपैकी सात राजाच्या बाजूने गेले, पाच गेले नाहीत. राजा खटला जिंकला आणि पत गमावून बसला.

त्यात धर्म आला. १६३७ साली राजाने हुकूम काढला, स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मी सांगेन तीच प्रार्थनेची पोथी चालेल. तिकडचे लोक उठले. त्यांना दाबायला फौज हवी, फौजेला पैसा हवा. १६४० साली झक्कत पार्लमेंट बोलवावी लागली. ती म्हणाली, आधी गाऱ्हाणी ऐका. राजाने तीन आठवड्यांत तिला घरी पाठवले आणि त्याच वर्षी पुन्हा बोलावले. १६४२ साली लढाई जुंपली. ३० जानेवारी १६४९ रोजी राजाचा शिरच्छेद झाला.

धर्माचा हुकूम काढायला दमडी लागत नाही. तो लादायला मात्र रयतेचा खिसा लागतो. पार्लमेंटवालेही धुतल्या तांदळासारखे नव्हते. १६४५ साली त्यांनी राजाची पोथी बंद करून आपली पद्धत लादली.

राजा गेला, मग गरिबाला जमीन मिळाली का? १६४९ च्या एप्रिलमध्ये जेरार्ड विन्स्टन्ली आणि त्याच्या गरीब साथीदारांनी सेंट जॉर्ज टेकडीवरची सामाईक पडीक जमीन खणली, गाजरे आणि शेंगा पेरल्या. आसपासच्या जमीनदारांनी वर्षभरात त्यांना हुसकावले. पार्लमेंट राजाला विचारत होती, पण पार्लमेंटमध्ये बसले होते ते जमीनदार. हे आम्ही कधी विसरू नये.

आता मुंबई. दुसऱ्या चार्ल्सने पोर्तुगालच्या राजकन्येशी लग्न ठरवले. १६६१ च्या करारात हुंड्यात मुंबई आली. बेटांचा खर्च राजाला परवडेना. १६६८ साली त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड खंडाने दिली. दहा पौंड! बेटांवरच्या कोळ्याला, कुणब्याला कोणी विचारले? राजाने नाही, पार्लमेंटनेही नाही. १६८९ साली इंग्लंडात कायदा झाला, की पार्लमेंटच्या संमतीशिवाय राजाने पैसा वसूल करायचा नाही. त्या हक्काची बोट आमच्या बंदराला लागली नाही.

म्हणून ही गोष्ट उलव्यात सांगितली. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरणच्या ९५ गावांच्या जमिनींवर नवे शहर आखले गेले. आधी आराखडा, मग नोटीस. आम्हाला विचारायला लावावे लागले. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईच्या परिसरात लोक उभे राहिले, पाच जण हुतात्मे झाले. साडेबारा टक्क्यांची भाषा सरकारच्या तोंडी आली ती त्या रक्तानंतर. पुढे विमानतळासाठी दहा गावे उठली, उलव्याची टेकडी कापली गेली.

आमचे म्हणणे साधे आहे. वीस शिलिंगांसाठीही हिशोब विचारा. रक्कम छोटी म्हणून सोडाल, तर उद्या जमीन मोठी म्हणून सुटणार नाही. हिशोब विचारल्यावर कोणी देवाधर्माचा झेंडा पुढे केला, तर नमस्कार करा आणि हिशोबाची वही पुन्हा मागा. आणि आमच्याच बैठकीत कोण नाही ते पाहा. सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई, कूळ, मिठागरावरचा मजूर येथे नसेल, तर आम्हीही त्या जमीनदारांचीच पार्लमेंट.

सुरुवात घरापासून करू. संघटनेच्या वर्गणीचा जमाखर्च आता येथेच वाचून दाखवतो. ज्याला शंका असेल, त्याने उभे राहून विचारावे.