बंब गेला, धूर कोठे गेला?



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून संतवाङ्मय किंवा नाट्यसंगीत असे विषय शोभतात. आम्ही मात्र आपणांस न्हाणीघरात नेणार आहोत. आंघोळीचे पाणी तापविण्याचे जुने साधन काढून नवे बसविताना काय पाहावे, एवढाच आमचा विषय. तो क्षुल्लक का नाही, ते पुढे कळेल.

पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत ठोकून घडविलेला तांब्याचा बंब आपल्यापैकी अनेकांच्या आजोळी असेल. त्याची रचना मोठी शहाणपणाची. मधोमध उभी नळी, तिच्या तळाशी जाळी, नळीत वरून टाकलेल्या ढलप्या, करवंट्या वा कोळसे आणि भोवती पाणी. ज्वाळेला चहूबाजूंनी पाण्याचा वेढा असल्याने उष्णता फारशी वाया जात नसे आणि तीच नळी धुराड्याचेही काम करी. (पाणी तापविणारा तो बंब आणि आग विझविणाराही बंबच, मराठी भाषेला यात काही वावगे वाटलेले नाही!) परंतु खरे शहाणपण बंबाच्या जागेत होते. तो परसात, पडवीत, फार तर न्हाणीघराच्या दाराबाहेर असे. धग बाहेर राही. आत येई ते केवळ कढत पाणी.

या नगरीतील जुन्या घरांत बंबाऐवजी चुलीवर कायमचा बसविलेला ‘हंडे’ असे. आपला हंडा तो हाच. नरकचतुर्दशीच्या आदल्या सायंकाळी तो घासूनपुसून, सजवून, पाण्याने भरून ठेवण्याचा येथे सणच आहे. पहाटेच्या अभ्यंगस्नानाची ती पूर्वतयारी. कौलांच्या फटींतून त्या न्हाणीघरातला धूर निघून जाई. भिंती काळ्या होत, डोळे चुरचुरत, गृहिणींना त्याचा जाच होई, हे खरेच. त्या धुराचे गोडवे गाण्याचा आमचा मुळीच विचार नाही.

शिवसमुद्रमच्या विजेने १९०५ साली बंगळुरूत दिवे लागले. पुढे विजेचा गीझर आला आणि धुराचा प्रश्नच मिटला. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर नेण्यास सुमारे ०.७ युनिट वीज लागते. २ किलोवॅटच्या गीझरला वीसएक मिनिटे. तेवढी वाट पाहावयाची नाही, म्हणून लोक तत्काळ पाणी देणाऱ्या यंत्रांकडे वळले. विजेच्या ३ किलोवॅटच्या तत्काळ गीझरातून २५ अंशांनी तापलेले पाणी मिनिटाला पावणेदोन लिटरांहून कमीच मिळते. गॅसवरचा गीझर मात्र धो धो सहा लिटर देतो.

येथेच थांबून विचार करावयास हवा. मिनिटाला सहा लिटर पाणी तापविणारी ती ज्वाळा दहा मिनिटांत सुमारे २ घनमीटर हवा खाते. पाच फूट रुंद, सात फूट लांब आणि आठ फूट उंच न्हाणीघरात हवा असते जेमतेम ८ घनमीटर. झरोका थंडीमुळे बंद, दाराला कडी. प्राणवायू कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक ओढीने चिकटतो. लाकडाचा धूर निदान डोळ्यांत पाणी आणून सावध करीत असे. हा वायू तसे काहीच करीत नाही. माणूस आतल्या आत कोसळतो. आपल्या देशातील डॉक्टरांनी या प्रकारास ‘गॅस गीझर सिंड्रोम’ असे नावच दिले आहे. काहींना झटके येतात आणि ते अपस्माराचे समजले जातात. उपचार वेळीच मिळाले नाहीत तर मृत्यू ओढवतो. सिलिंडर बाहेर ठेवल्याने हा धोका टळत नाही. नळाने येणाऱ्या गॅसनेही टळत नाही. ज्वाळा आत आहे, हा दोष.

आपल्यापैकी कित्येकांची मुले इंग्लंडात आहेत. तेथेही जुने बॉयलर व गरम पाण्याच्या टाक्या काढून ‘कॉम्बी बॉयलर’ बसविले जातात; एकच यंत्र घर उबदार ठेवते आणि नळ सोडताच पाणीही तापवून देते. आपल्या गॅस गीझरचाच तो थोरला भाऊ. परंतु त्याची ज्वाळा बंदिस्त पेटीत असते. जळण्यास लागणारी हवा तो बाहेरून घेतो व धूर बाहेरच सोडतो. गॅस सेफ या नोंदवहीत नाव असलेल्या कारागिरानेच तो बसवावा, असा तेथे कायदा आहे. म्हणजे आपल्या बंबाने जे जागेने साधले, ते त्यांनी नळीने आणि कायद्याने साधले.

आपल्यासाठी उत्तम सोय सौर बंबाची. या शहरात २००७ पासून ठरावीक आकारावरील नव्या घरांना तो बंधनकारक केला गेला, आणि गच्च्यांवर नजर टाकली तर त्याचा परिणाम दिसतोच. १०० लिटरचा बंब चौघांच्या कुटुंबास पुरतो. जून ते ऑगस्टच्या ढगाळ दिवसांसाठी त्याला विजेची जोड असावी. नळी लांब असू नये: २० मिलिमीटर अंतर्व्यासाच्या १५ मीटर नळीत पावणेपाच लिटर थंड पाणी अडकून राहते आणि ते आधी बादलीत काढावे लागते. गॅसचाच गीझर हवा असेल तर तो मोकळ्या सज्जात बसवावा, म्हणजे आत केवळ पाण्याचा नळ येईल.

नोकरीसाठी नव्याने येथे आलेल्या तरुणांना एक सांगणे आहे. भाड्याचे घर पाहावयास जाल तेव्हा न्हाणीघराचे दार उघडून वर पाहावे. आत भिंतीवर गॅसचा गीझर असेल, तर किल्ली घेण्यापूर्वी मालकांना तो काढून विजेचा बसवून देण्यास सांगावे. दहा-दहा महिन्यांची अनामत मोजणाऱ्या भाडेकरूस एवढे मागण्यास संकोच वाटण्याचे कारण नाही.