घर स्मार्ट, पण पहारा कोणाचा?

निवृत्तीनंतर आम्ही दोघं बंगळुरूत स्थायिक झालो. आयुष्य सरकारी क्वार्टर्समध्ये गेलं. हे पहिलं स्वतःचं घर. आज लढाईची नाही, त्या घराची गोष्ट सांगतो.

सॅम्पल फ्लॅटमध्ये विक्री करणाऱ्या तरुणाने मोबाइलवर बोट ठेवलं. पडदे सरकले, दिवे लागले, दार उघडलं. मी खूश! सौ.ने विचारलं, "कामाला येणारी बाई दिवा कसा लावणार?" तो हसला. मीही हसलो. हसायला नको होतं.

लष्करात नवं उपकरण असं घेत नाहीत. वाळवंटात, उंच बर्फाळ भागात त्याच्या चाचण्या होतात. जो जवान ते वापरणार, त्याच्याच हाती देऊन बघतात. घराच्या वेळी मात्र मी ब्रोशर बघून सही केली.

राहायला आल्यावर एका सकाळी स्वयंपाकघरात गॅसचा वास आला. सौ.ने रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या आणि ओरडली, "अहो, बटणाला हात लावू नका!" भिंतीवरचा गॅस सेन्सर मात्र गप्प. हिरवा दिवा छान चालू.

कारण नंतर कळलं. सेन्सर छताजवळ होता. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, तो वर जातो. त्याच्यासाठी ती जागा योग्य. पण आमच्या इमारतीत पाइप आलाच नव्हता. आम्ही सिलिंडर वापरत होतो, आणि एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. यंत्र बिघडलं नव्हतं, चुकीच्या चौकीवर उभं होतं. त्या दिवशी पहारा सौ.च्या नाकाने दिला.

म्हणून मी सगळं उपटून टाकलं का? नाही. एलपीजीचा सेन्सर खाली, जमिनीजवळ बसवून घेतला. सोसायटीच्या टाकीतली पाण्याची पातळी मोबाइलवर दिसते, ती टँकर मागवणाऱ्या शहरात फार उपयोगी. डिजिटल कुलूप ठेवलं, पण साधी किल्लीही ठेवली. पडदे हाताने ओढतो.

घर घेणाऱ्यांनी चार प्रश्न विचारावेत. वीज आणि इंटरनेट दोन्ही गेले तर हे हाताने चालतं का? सुटे भाग आणि ॲपची सेवा कोण देणार, किती वर्षं? दार कधी उघडलं याची नोंद आणि कॅमेऱ्याचं चित्रण कोणाकडे जातं? ताबा मिळाल्यावर मुख्य पासवर्ड माझ्या हाती येणार का?

उत्तरं तोंडी घेऊ नका, विक्री करारात लिहून घ्या. 2016 च्या रेरा कायद्यानुसार ताब्यापासून 5 वर्षांत बांधकामात, कामाच्या दर्जात किंवा करारातल्या सेवांत दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. पण करारात नुसतं 'स्मार्ट होम' लिहिलं असेल, तर भांडणार कशावर?

लोक म्हणतात, वय झालेल्यांना तंत्रज्ञान नको असतं. तसं नाही. आम्हाला ते बंद पडल्यावर काय, याचं उत्तर हवं असतं.

पुढच्या वेळी सॅम्पल फ्लॅट बघायला जाल, तेव्हा घरात जे स्वयंपाक करतात त्यांना पुढे करा. त्यांनी प्रश्न विचारला, की हसू नका. लिहून घ्या.

जय हिंद.