खेळाडूचा प्रशिक्षक होतो तेव्हा



गोल करणाऱ्याचे नाव दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात झळकते. त्याला खेळावयास शिकविणाऱ्याचे नाव सहसा कोणी विचारीत नाही. या दोन्ही भूमिका पार पाडणाऱ्या बंगळूरच्या एका फुटबॉलपटूविषयी आज मी बोलणार आहे. त्यांचे नाव कार्लटन चॅपमन.

बंगळूरचे फुटबॉलशी नाते जुने आहे. १९४८ सालच्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध भारताचा एकमेव गोल करणारे सारंगपाणी रामन येथलेच. चॅपमन यांचा जन्मही याच शहरात, १९७१ साली झाला. जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत ते घडले. १९९३ साली कलकत्त्याच्या ईस्ट बंगालकडून खेळताना इराकच्या अल् झवरा संघावर त्यांनी एकट्याने तीन गोल चढविले आणि सामना ६-२ असा जिंकला गेला.

वस्तुतः त्यांची जागा मधल्या फळीतली. आघाडीच्या खेळाडूपाशी नेमक्या क्षणी चेंडू पोचविणे, हे त्यांचे नित्याचे काम. पंजाबच्या जेसीटी संघाने १९९६-९७ ची पहिली राष्ट्रीय लीग जिंकली, तेव्हा विजयन आणि भुतिया हे आघाडीवीर त्यांचे सहकारी होते. पुढे चॅपमन भारताचे संघनायक झाले आणि २००१ साली ईस्ट बंगालला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देऊन निवृत्त झाले.

निवृत्तीनंतर पुष्कळ खेळाडू भूतकाळाच्या आठवणींवर जगतात. चॅपमन मात्र पुढच्याच वर्षी आपल्या जुन्या अकादमीत शिक्षक म्हणून परतले. नंतर शिलाँगच्या रॉयल वाहिंगडोहसारख्या संघांनाही त्यांनी शिकविले. हे काम वाटते तितके सोपे नाही. जे पायांना आपोआप साधत होते, ते आता शब्दांत उलगडून सांगावयाचे. आणि सामना डोळ्यांसमोर हातचा जाऊ लागला, तरी स्वतः मैदानात उतरता येत नाही.

१२ ऑक्टोबर २०२० रोजी, वयाच्या अवघ्या ४९ व्या वर्षी, बंगळुरातच त्यांचे निधन झाले. त्या एका सामन्यातील तीन गोल त्यांच्या नावावर कायमचे नोंदले गेले. त्यांनी शिकविलेल्या मुलांचे गोल त्या मुलांच्याच नावे लागले, आणि तेच योग्य आहे. चेंडू पुढच्याकडे सोपवून आपण मागे राहावयाचे, ही मधल्या फळीची रीत त्यांनी मैदान सोडल्यावरही पाळली.