मुखवट्याला खोटं म्हणू नका

‘अखेर त्याचा मुखवटा गळून पडला,’ असं आपण सर्रास म्हणतो. ढोंगी माणसासाठी आपल्याला नेमका हाच शब्द का सापडावा? मला याचं मनापासून वाईट वाटतं.

जव्हार-मोखाड्याकडे बोहाडा नावाचा मुखवट्यांचा उत्सव होतो. रात्रभर टेंभ्यांच्या उजेडात, संबळ-पिपाणीच्या तालावर सोंगं नाचतात. बऱ्याच गावांत कुठलं सोंग कुठल्या घरानं नाचवायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. मुलगा नाशिकला कंपनीत कामाला असला, तरी त्या रात्रीपुरती रजा काढून येतो.

एका वर्षी गणपतीचं सोंग बांधत होते, तेव्हा मी शेजारीच उभा होतो. मुखवटा कागदाच्या लगद्याचा. कपाळ सोलवटू नये म्हणून आतून जुन्या लुगड्याच्या चिंध्या लावलेल्या. मागं गाठ बसली आणि सोंग घेणाऱ्या मुलाची आईच पुढं होऊन त्याच्या पाया पडली. आत आपलाच पोरगा आहे, हे तिला माहीत नव्हतं? अहो, नुसत्या पावलांवरून सगळं गाव ओळखतं! मग लपलं कोण?

लोणच्याच्या बरणीला आपण दादरा बांधतो, तो लोणचं लपवायला नव्हे. ते मुरावं म्हणून. मुखवट्याआड माणूस तसाच मुरतो. एरवी चारचौघांत मान वर न करणारा तो मुलगा त्या रात्री सगळ्या गावाचा देव होतो. आपण मात्र कचेरीत, लग्नकार्यात इतरांसारखा चेहरा करून वावरतो आणि त्याची गाठ कुणाला दिसू देत नाही. बोहाड्यातली गाठ सगळ्यांच्या देखत बांधतात. पुन्हा सांगतो, सगळ्यांच्या देखत!

बंधन तिथंही आहे. एखाद्याला दुसऱ्या घराचं सोंग हवंसं वाटलं तर? बरणी कुणी निवडायची, हा प्रश्न मोठा आहे. त्यावर पुन्हा कधीतरी.

जव्हारजवळच्या रामखिंड गावचे मुखवटे दिवाणखान्यात लावायला जरूर घ्या, कारागिराच्या हातात चार पैसे पडतात. पण हे सोंग कुणाचं, ते कसं नाचतं, एवढं तरी विचारा. नाहीतर रिकाम्या बरणीला दादरा बांधल्यासारखं होईल. आणि उन्हाळ्यात एकदा तिकडे जाऊन रात्रभर बसा. पहाटे जगदंबा आणि महिषासुर समोरासमोर येतात, तेव्हा संबळ असा काही... पण माझी वेळ संपली.