पडवीतली सायकल आणि वायव्येचा वारा

परदेशात राहणाऱ्या तुमच्यापैकी वसई-विरारचे बरेच जण नाताळात घरी येतात आणि झोप पुरी व्हायच्या आत पडवीतली जुनी सायकल बाहेर काढतात. आजचं बोलणं त्या सायकलीबद्दल.

आपल्या जुन्या काळ्या सायकलींच्या व्हॉल्व्हवर एक बारीक रबरी नळी असते. पडून पडून ती चिकट होते, तडकते, आणि सकाळी भरलेली हवा निर्मळ गावापर्यंतही टिकत नाही. आधी ती बदला. मग चाक उचलून फिरवा. लचकत असेल तर दुकानात ‘आऊट काढून द्या’ एवढं म्हटलं की पुरे. ब्रेकचे रबरी गुटके दगडासारखे झाले असतील तर नवे घाला. खाऱ्या हवेने चेनच्या कड्या आखडल्या असतील, तर नुसत्या तेलावर भागवू नका. आणि सीट! खाली गेलेल्या पायडलवर टाच ठेवली की पाय सरळ व्हायला हवा. बहुतेकांची सीट खालीच असते, आणि मग गुडघे दुखले की वयाला बोल लावतात. हेल्मेट मात्र परदेशातलंच, सवयीचं, बॅगेत टाका.

अमेरिका-जर्मनीत राहिलेल्यांची मान रस्ता ओलांडताना आधी डावीकडे वळते. आपल्याकडे पहिली गाडी उजवीकडून येते. म्हणून पहिला दिवस गल्लीतच काढा. मागून हॉर्न वाजला की दचकून हँडल वळवू नका. तो बहुधा ‘मी येतोय’ एवढंच सांगत असतो.

आता रस्ता. अहमदाबाद महामार्ग ट्रकवाल्यांना सोडून द्या. पापडी, भुईगाव, निर्मळ, आगाशी, अर्नाळा हा वाड्यांमधला रस्ता धरा. डिसेंबरात सात वाजताही नीट उजाडलेलं नसतं, तेव्हा मागे लाल दिवा हवा. सकाळी वारा मंद असतो. दिवस चढला की वायव्येचा समुद्रवारा जोर धरतो. म्हणून आधी उत्तरेला अर्नाळ्याकडे जा, परतताना वारा पाठीवर मिळेल. उलटा बेत केलात तर दमलेल्या पायांनी वाऱ्याशी झुंजावं लागतं. रविवारी मिस्सा सुटायच्या वेळी चर्चसमोर सरळ उतरून चाला. वाड्यांच्या वळणांवर कुंपणापलीकडचं काही दिसत नाही, तिथे घंटी वाजवा.

मुलांच्या सुट्टीसाठी जुलैत येत असाल, तर सायकलीचा हट्ट नको. जुलै 2018 मध्ये नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी साचून लोकल बंद पडल्या होत्या. रस्त्यावर असं पाणी साचलं की खालचा खड्डा किंवा उघडं गटार कुणाला दिसणार?

ओहोटीला ओल्या, घट्ट वाळूवरून सायकल चालवायचा मोह मलाही होतो. चालवा, पण घरी येताच गोड्या पाण्याने धुऊन, पुसून चेनला तेल द्या. वाटेत खायला परदेशी एनर्जी बार आणायची काही गरज नाही. आगाशीची सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, खिशात मावतात, उन्हात वितळत नाहीत आणि पोटालाही आधार देतात. फक्त घरच्यांसाठी वेगळी घ्या, कारण खिशातली अर्नाळ्यालाच संपतात.